घाटातले ३४ मीटर : साईटवरच्या नोंदी

सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर-जावळी पट्ट्यातल्या एका राज्यमार्गावरचं हे काम. घाटाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ठेकेदार कोण, खात्याचं कोण, सगळं लगेच कळेल, आणि मला याच धंद्यात पोट भरायचंय. मी साईट सुपरवायझर, डिप्लोमावाला. रोज संध्याकाळी कंटेनरमध्ये बसून वहीत चार ओळी खरडायचो, त्यातल्याच जरा नीट करून देतोय. दर आम्हाला पडले तसे लिहिलेत, तुमच्याकडे वेगळे पडतील.

१८ ऑक्टोबर २०२१

दसरा झाला, पावसाने पाठ फिरवली, आज मशीन वर चढवलं. पोकलेन ट्रेलरवरून खालच्या गावापर्यंतच आलं. पुढचे सहा किलोमीटर साखळीवर चालवत आणलं, त्यात पाऊण दिवस गेला आणि डांबराला जागोजागी दात लागले. पुढच्या वेळी साखळीखाली घालायला जुने टायर आधीच गोळा करून ठेवायचे.

नुकसान जुलैचं आहे. २२-२३ जुलैला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिमी पाऊस झाला. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पुष्कळदा वर्षभरात एवढा पडत नाही. त्याच पावसात पाटणकडे आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला डोंगर घरांवर आला, आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला. त्यापुढे आमचा तुकडा किरकोळ. वळणावर दरीच्या बाजूने ३४ मीटर लांबीचा रस्ता गेलाय. डोंगराच्या कडेला कुठे ३ मीटर, कुठे सव्वातीन मीटर डांबर शिल्लक. मोटारसायकल आणि वडापच्या (खासगी प्रवासी) जीपा जातात. ट्रक, एसटी बंद.

कागदावर काम असं : पाच थरांची गॅबियनची भिंत, म्हणजे जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली. त्यामागे भराव, वर रस्ता, शेजारची मोरी, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणारी वाट, नवी. मुदत ३१ मे.

२१ ऑक्टोबर

पहिली चूक तिसऱ्याच दिवशी. खचलेला राडा पोकलेनने सरळ दरीत लोटायला सुरुवात केली. सगळे तेच करतात. दुपारी खालच्या वाडीतले पाचसहा जण वर आले. राड्यातले गोटे घरंगळत त्यांच्या नाचणीच्या वाफ्यात गेले होते, पीक अजून उभं होतं. आवाज चढले. त्यांचं चुकत नव्हतं. मालकांनी, म्हणजे ठेकेदाराने, फोनवरच नुकसानीचे आठ हजार कबूल केले आणि राडा डंपरने दीड किलोमीटरवरच्या सपाटीवर टाकायचं ठरलं. ६२ खेपा झाल्या. अंदाजपत्रकात ही वाहतूक धरलेलीच नाही. तुम्ही धरा.

एक शहाणपण मात्र केलं : काळे खणखणीत दगड निवडून बाजूला रचले. सुमारे ३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) निघाले, पुढे पेट्यांत गेले.

२९ ऑक्टोबर

पायाची खोदाई १.२ मीटर. खाली मुरूम लागला असं मी लिहिलं, मुकादमही म्हणाला, ऑपरेटरही म्हणाला. तिघांनाही मुरूम हवा होता म्हणून मुरूम दिसला. हे वाक्य डिसेंबरात समासात वाढवलंय.

१ ते १० नोव्हेंबर

दिवाळी. टोळी विजापूरकडची, गावी गेली. डिझेलवरचं उत्पादन शुल्क दहा रुपयांनी उतरलं, पोकलेनवाल्याला दर कमी कर म्हटलं तर हसला. १,८०० रुपये तास, डिझेल त्याचं, हाच दर शेवटपर्यंत राहिला.

१२ नोव्हेंबर

टोळी परतली, पण एसटीचा संप सुरू झालेला. साताऱ्याहून वर यायला त्यांनी वडापला माणशी तिप्पट मोजले. ते मालकांनी दिले नाहीत, मी दिले. अजून वसूल झालेले नाहीत.

खाणीवरून दगडाच्या पहिल्या चार गाड्या आल्या. उघडून बघतो तर ८० मिमीची खडी! जाळीचं भोक १० बाय १२ सेंटीमीटरचं, खडी गळून जाणार. दगड १५ ते २५ सेंटीमीटरचा हवा हे मी फोनवर सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. खाणवाला म्हणतो, ‘तुमच्या माणसाने डबर नाही, खडी म्हणून सांगितलं.’ कोण खरं ते देवाला माहीत. गाड्या परत गेल्या नाहीत, खडी पडून राहिली (शेवटी गटाराच्या सोलिंगला, म्हणजे तळाच्या दगडी थराला, कामी आली). तेव्हापासून प्रत्येक ऑर्डर व्हॉट्सॲपवर, दगडाशेजारी टेप ठेवून काढलेल्या फोटोसकट.

१८ नोव्हेंबर

आज पहिली पेटी भरली. २ मीटर बाय १ बाय १. यावर जरा जास्त लिहितो, कारण ही कामं सगळीकडे होतात आणि चारपैकी तीन ठिकाणी पेट्यांची पोटं सुटलेली दिसतात.

सकाळी आम्हीही तेच केलं. पोकलेनच्या बकेटने दगड वरून ओतले, अर्ध्या तासात तीन पेट्या भरल्या, सगळे खूश. दुपारी सुतळी ताणून बघितली तर दर्शनी बाजू मधोमध ११ सेंटीमीटर पुढे आलेली. जाळी ही काही भिंत नव्हे, पिशवी आहे. पिशवीत बटाटे ओतले तर ती गोलच होणार. तिन्ही रिकाम्या केल्या.

नंतरची पद्धत अशी बसली. आधी पेटीच्या सगळ्या कडा शेजारच्या पेटीला तारेने शिवायच्या. शिवणं म्हणजे एक साधा वेढा, एक दुहेरी वेढा, दर दहा-पंधरा सेंटीमीटरला, सलग. पोरं फक्त चार कोपरे बांधून मोकळी होत होती. ती तार कापायला लावून पुन्हा शिवून घेतली. मग बाहेरून बांबू आणि फळी बांधून तोंड सरळ धरायचं. दगड एकतृतीयांश उंचीपर्यंत भरायचा, पुढची जाळी मागच्या जाळीला आडव्या तारांनी बांधून ताणायची, मग मधला हिस्सा, पुन्हा आडव्या तारा, मग वरचा. दर्शनी दगड हातानेच रचायचा, सपाट तोंड बाहेर, सांधा मोडून. मागे मशीनने टाकला तरी चालतो, पण मोठ्या दगडांमधल्या खळगीत लहान दगड पहारीने दाबून बसवायचे. वर चारेक सेंटीमीटर जास्त भरायचं, कारण बसतंच.

दगड निवडायची मुकादमाची पद्धत कुठल्या लॅबपेक्षा झटपट. हातोडीचा एक ठोका. खण्ण वाजला तर पेटीत, बद्द वाजला तर भरावात. बद्द वाजणारा दगड वरून काळाच दिसतो, फोडला की आत पिवळसर, बोटाने पीठ होतं. दोन पावसाळ्यांत तो पेटीत मातीच होईल.

दिवसाला साडेतीन पेट्या. हातमोज्यांचे चाळीस जोड आणले होते, आठ दिवसांत एक शिल्लक नाही. तारेने बोटं अशी फाटतात की मीठ घालून जेवता येत नाही, हे पोरांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. आता हातमोजे रोजच्या सामानात, चहापत्तीच्या शेजारी.

१ डिसेंबर

पाऊस! डिसेंबरात, दिवसभर. वर धुकं, गार वारा. अशा वेळी पडेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, ताडपत्र्या खाली गोदामात.

२ डिसेंबर

अजून पडतोय. पायाच्या चरात गुडघाभर पाणी. पंप आणायला माणूस मेढ्याला पाठवला, तो रात्री आला.

४ डिसेंबर

उघडलं. १४ मीटर लांबीत दोन थर झाले होते, ४२ पेट्या. लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावली. सहा मीटरच्या पट्ट्यात बाहेरची कड ७० मिमी खाली. कल डोंगराकडे दिला होता, तो तिथे जवळजवळ संपलाय. भिंत दरीकडे बघायला लागलीय.

मालकांचा फोन : ‘वरच्या थरात लेव्हल काढून घे.’ म्हणजे पुढच्या पेट्या जरा उंच भरून वरून सरळ दाखवायचं. खोटं कशाला बोलू, मलाही पहिल्यांदा तेच सुचलं होतं.

६ डिसेंबर

खात्याच्या शाखा अभियंता मॅडम आल्या. लेव्हलची वही बघितली, चरात उतरल्या, पाया जिथे टेकलाय तिथली माती मुठीत घेऊन दाबली. मूठ उघडली तर गोळा तसाच, बोटांचे ठसे उमटलेले. ‘मुरूम असा होतो का?’ एवढंच विचारलं.

तो मुरूम नव्हताच. जुना रस्ता केला तेव्हा डोंगर कापून बाहेर टाकलेला राडा, वर्षानुवर्षं दाबून बसलेला, कोरडा असताना कडक. पाणी लागल्यावर त्याने सोडलं. आम्ही भिंत जुन्या राड्यावर उभी करत होतो.

४२ पेट्या काढायच्या ठरल्या.

७ ते १० डिसेंबर

काढणं हे भरण्यापेक्षा वाईट काम. टोळीचं तोंड उतरलेलं. रचलेलं स्वतःच्या हाताने मोडायचं कुणालाच गोड लागत नाही. तार सोडवत बसलं तर जाळी वाचते, कापली तर वेळ वाचतो. ३१ जाळ्या वाचल्या, ११ गेल्या. २,६०० प्रमाणे २८,६०० रुपये. मजुरी वेगळी.

११ डिसेंबर

आणखी खोदल्यावर साधारण सव्वा मीटरवर लाल थर लागला. आपल्या सह्याद्रीत काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये असा गेरूसारखा लाल मातीचा पट्टा सापडतो, विहिरी खोदणाऱ्यांना विचारा. वीतभर ते हातभर जाड. आमचा ३० ते ४० सेंटीमीटरचा. वरचा दगड फुटलेला असतो, त्यातून पाणी झिरपत खाली येतं आणि या लाल थरावर अडून आडवं चालायला लागतं. हाताला साबणासारखा लागतो. पावसाला नऊ दिवस झाले तरी चराच्या डोंगराकडच्या बाजूला, बरोबर त्या लाल रेषेवर, पाण्याचे थेंब ओळीने लटकलेले. एकाखाली डबा ठेवला, तासाभरात पाऊण लिटर.

हे बघितल्यावर जुलैत काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आलं. वरून पाणी, खालून पाणी, मध्ये राडा.

लाल थर पूर्ण काढून खालच्या काळ्या दगडावर जायचं ठरलं. एकूण १.६ मीटर जादा खोदाई.

२३ डिसेंबर

ब्रेकरने काळ्या दगडात पायऱ्या मारल्या, २,२०० रुपये तास, ३१ तास. २५ मिमीच्या सळ्या दगडात ६० सेंटीमीटर रोवून ग्राऊट केल्या, म्हणजे भोकात पातळ सिमेंट भरून पक्क्या केल्या. त्यावर ६० सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट, एम-१५ प्रतीचं, ९० घनमीटर. मिक्सर घाटात पूर्ण भरून येत नाही, वळणावर मागून सांडतं. म्हणून पंधराच्या जागी बावीस खेपा. ओल्या लाल रेषेच्या उंचीवर भोकांचे पाईप आडवे ठेवून ते पाणी भिंतीच्या टोकाला बाहेर काढलं. हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं, मॅडमनी जागेवर कागदावर काढून सही करून दिलं. सही महत्त्वाची, फोटो काढून ठेवा.

पायाखाली एक थर वाढला, ४ मीटर रुंदीचा. म्हणजे आता थर सहा : खालून ४, ३, ३, २, २, १ मीटर. पेट्या १८७ च्या २५५ झाल्या. या ६८ पेट्यांचे पैसे कोण देणार याला आज कुणाकडेच उत्तर नाही.

२७ डिसेंबर

पेट्या पुन्हा सुरू. ४ तारखेपासून मोजले तर २३ दिवस गेले. ऑक्टोबरात तीन ठिकाणी तीन मीटर खोल खड्डे घेतले असते तर एका दिवसात कळलं असतं. पोकलेन तिथेच उभं होतं. आठ तासांचे १४,४०० रुपये.

१४ जानेवारी २०२२

संक्रांत. अर्धा दिवस काम. हात बसलाय, आता दिवसाला सात पेट्या.

वरच्या वाडीतले एक आबा रोज म्हशी घेऊन जाताना थांबतात, आज तिळगूळ घेऊन आले. मोरीकडे बघून म्हणाले, ‘ह्यो वढा हितला न्हवंच.’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘आरं पोरा, पानी त्या सोंडंच्या पल्याडनं जायचं. वर चार वर्सामागं डोंगर सपाट केला न्हाय का, तवापास्नं सगळं हिकडं वळलंय. तुमच्या नळीला काय झेपतंय ते?’

त्यांच्याबरोबर वर चढून गेलो. पाऊण तास. खरंच : कुणीतरी प्लॉटसाठी डोंगर कापून सपाटी केलीय आणि तिची माती जुन्या ओढ्याच्या तोंडात पडलीय. त्यामुळे दोन ओढ्यांचं पाणी एकाच मोरीवर. त्या मोरीत ६०० मिमीची सिमेंटची नळी. जुलैत तिच्या तोंडात एक बुंधा आणि गोटे अडकले, पाणी रस्त्यावर चढलं, उतारावरून डांबरावरूनच चालत वळणापर्यंत आलं आणि तिथे दरीत उडी मारली. तो आमचा ३४ मीटरचा तुकडा. रस्ता पावसाने तुटला असं सगळे म्हणतात. पावसाने नाही, चुकीच्या जागी गेलेल्या पाण्याने तुटला.

तीन महिने मी साईटवर आहे, एकदाही वर गेलो नव्हतो.

१७ जानेवारी

मॅडमना फोटो पाठवले. त्याही वर जाऊन आल्या. नळीऐवजी २ बाय २ मीटरची काँक्रीटची बॉक्स मोरी. हिशेबाला कदाचित थोडी लहानही चालली असती, पण माणूस आत शिरून फावडं मारू शकेल एवढी हवी हा त्यांचा आग्रह. मला पटला. नळीत अडकलेला दगड बाहेरून कुणाच्या बापाला निघत नाही. वरचं जुन्या ओढ्याचं तोंड मोकळं करायला परवानगीचा अर्ज गेला. जागा आमच्या हद्दीबाहेरची.

९ फेब्रुवारी

भिंत वरपर्यंत पोचली. २५५ वी पेटी पोरांनी नारळ फोडून बंद केली.

१० फेब्रुवारीपासून

बॉक्स मोरी. वाहतूक चालू ठेवायची म्हणून अर्ध्या-अर्ध्या रुंदीत. आधी दरीकडची, मग डोंगराकडची. नोंद करण्यासारख्या दोनच गोष्टी.

एक, पाणी बाहेर पडतं तिथली. ड्रॉइंगमध्ये मोरी भिंतीच्या तोंडाशी संपत होती. म्हणजे दोन मीटर रुंद लोंढा वरून पडणार तो भिंतीच्या टोकाच्या पायाशी. वर्षभरात पाया उघडा. तिथे दगडी पायऱ्यांचा नाला करून पाणी बारा मीटर खाली, उघड्या काळ्या दगडापर्यंत नेलं. दगड सिमेंटमध्ये, तोंडं मुद्दाम ओबडधोबड ठेवली, पाण्याचा वेग मोडायला. गवंड्याला मात्र ते सहन होईना. दोन पायऱ्या त्याने नकळत गुळगुळीत करून टाकल्या, टाकी लावून पुन्हा खडबडीत करून घेतल्या.

दुसरी, स्लॅबचं सेंट्रिंग (काँक्रीटखालच्या आधाराच्या प्लेटा) मी बाराव्या दिवशी काढायला सांगितलं, कारण प्लेटा पुढच्या अर्ध्याला हव्या होत्या. मुकादमाने नाही काढल्या. म्हणाला, ‘साहेब, थंडी आहे, काँक्रीट अजून झोपलंय.’ चौदा दिवस ठेवल्या. बरोबर होतं त्याचं, रात्री तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतंय.

८ मार्च

लोखंड महिनाभरात भडकलंय, युक्रेनच्या लढाईची बातमी आली आणि दुकानदाराने कोटेशन फाडलं. नशीब, मोरीची सळई आधीच आली होती. डांबर अजून घ्यायचंय.

१२ मार्च

भराव सुरू. भिंतीमागे जिओटेक्स्टाईलचं कापड (माती अडवून पाणी सोडणारं) लावायला काढलं तर पहिला रोल हाताने फाटतोय. नोव्हेंबरपासून उघड्यावर उन्हात पडला होता. या कापडाला ऊन चालत नाही, काळ्या वेष्टणातच ठेवायचं असतं. वेष्टण पोरांनी झोपायला अंथरलं होतं. एक रोल गेला. त्यांना काय बोलणार, खाली फरशी गार होती.

भराव २० सेंटीमीटरच्या थरात, पाणी मारून, रोलर. भिंतीपासून दीड मीटरच्या आत मोठा रोलर न्यायचा नाही, भिंतीला ढकलतो. तिथे प्लेट कॉम्पॅक्टर, हाताने चालवायचं लहान दाबयंत्र. ड्रायव्हर ऐकत नव्हता, शेवटी चुन्याची रेघ मारली आणि रेघ ओलांडली तर त्या दिवसाचा भत्ता नाही असं सांगितलं. ऐकलं.

१९ मार्च

घनता तपासली. सात खड्ड्यांपैकी दोन नापास, ९१ आणि ९२ टक्के, हवी ९७. दोन्ही एकाच दिवशीच्या थरातले, त्या दिवशी टँकर आला नव्हता आणि कोरड्यावरच रोलर फिरवला होता. थर उकरून परत. एक दिवस.

२ एप्रिल

पाडवा. टोळी आहे, पण खाण बंद. वही पुरी करत बसलो.

एप्रिल

डोंगराकडचं गटार, काँक्रीटचं. मोरीच्या तोंडाशी एक मीटर खोल हौद, गाळ आधी तिथे बसावा म्हणून. वरचा जुना ओढा : परवानगी तोंडी मिळाली, लेखी नाही. आबा आणि वाडीतली दहा माणसं एका रविवारी कुदळ-फावडी घेऊन वर गेली आणि तोंड मोकळं करून आली. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो, एवढंच लिहितो.

३ मे

डांबर. वरचा थर काँक्रीटचा करायचा असं काहींचं म्हणणं होतं, घाटात काँक्रीट टिकतं हे खरंच. पण सहासात मीटरच्या ताज्या भरावावर पहिल्याच वर्षी काँक्रीट टाकलं तर भराव बसल्यावर त्याला तडाच जाणार. डांबर बसतं तसं खाली येतं, वरून पुन्हा लेव्हल करता येतं. एक-दोन पावसाळे जाऊ दे, मग काँक्रीट. हे पटवायला दोन मीटिंगा गेल्या.

प्लांट ४८ किलोमीटरवर. भरलेला डंपर घाटात पंधराच्या वेगाने चढतो. पहिल्या दोन गाड्या आल्या तेव्हा मालाचं तापमान १०५. फावड्याला चिकटेना, नुसती खडी वेगळी पडत होती. परत पाठवल्या. मालकांनी फोनवर जे सुनावलं ते वहीत नाही. पुढच्या गाड्यांना दुहेरी ताडपत्री, खाली प्लांटवर १६० ला भरून, पहाटे चारला निघायच्या. वर १३५ ते १४० मिळालं.

११ मे

दुसरा थर झाल्यावर संध्याकाळी सहज बादलीभर पाणी रस्त्याच्या मधोमध ओतलं. निम्मं डोंगराकडे गेलं, निम्मं दरीकडे. पेव्हरवाल्याने (पेव्हर म्हणजे डांबर पसरायचं मशीन) सवयीने मध्ये उंचवटा दिला होता, खाली देशावरच्या रस्त्यांना देतात तसा. इथे सगळं पाणी डोंगराकडच्या गटारातच जायला हवं, दरीच्या कडेवरून एक थेंब नको. त्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘आधी सांगायचं.’ खरं तर सांगितलं होतं, पण पेव्हरचा आवाज इतका की त्याने नुसती मान हलवली असणार. १९ मीटरमध्ये दरीकडची बाजू पुन्हा चढवून घेतली. ७४,००० रुपये.

बादली आता गाडीतच असते.

२० मे

दुपारी तीनला वळवाची सर. सगळी टोळी काम सोडून पाणी कुठे जातंय ते बघायला रस्त्यावर उभी. सगळं गटारात. एका पोराने शिट्टी मारली.

२८ मे

कठडा, रंग, परावर्तक. पहिला ट्रक गेला, सिमेंटचा. एसटी दुसऱ्या दिवशी सकाळी. वाडीतल्या बायांनी ड्रायव्हरला ओवाळलं. आमच्याकडे कुणी बघितलं नाही, ते बरंच.

८ जुलै २०२२

मुद्दाम बघायला आलो. चार दिवस पाऊस लागलाय. मोरीत पाणी गुडघ्याच्या वर, जोर प्रचंड, पण वर अजून दीड मीटर रिकामं. पायऱ्यांच्या नाल्यावर पांढरा फेस. पायातल्या भोकांच्या पाईपमधून करंगळीएवढी धार, गढूळ नाही, स्वच्छ. गढूळ असती तर मागची माती वाहतेय असं समजायचं.

कठड्यावर रंगाने पाच खुणा केल्या होत्या, त्यांची लेव्हल घेतली : ९, १४, २२, १६, ७ मिमी खाली. जुना रस्ता आणि नवा भराव मिळतो तिथे लांबीने केसासारखी चीर, रुंदी ३ मिमीच्या आत. आज डांबराने बुजवली, ऑक्टोबरला परत बघायची.

६८ पेट्यांचं बिल अजून अडकलंय. एमबीत, म्हणजे खात्याच्या मोजमाप-पुस्तकात, काम चढलंय, मंजुरी यायचीय.

मोरीच्या तोंडाशी हौदात पाला आणि फांद्या कडेपर्यंत आल्यात. आबांच्या नातवाला म्हटलं, आठवड्याला एकदा काढशील का, तीनशे रुपये देतो. पावसाळाभर, म्हणजे बारा-तेरा वेळा. पोरगा म्हणाला, ‘पाचशे.’ चारशेवर तुटलं. खात्याचं मजूर मिळेपर्यंत तो काढेल, पैसे सध्या माझ्या खिशातून. उद्यापासून.